शनिवारच्या वर्गाचं पुनरुज्जीवन

ज्या माणसाने शनिवारच्या वर्गात दोन वर्षं मागच्या खुर्चीत बसून एकदाही तोंड उघडलं नव्हतं, त्यानेच पुढे त्या वर्गाचं पुनरुज्जीवन करायला घेतलं.

हे मला त्याच्याच तोंडून, फोनवर कळलं. मी तेव्हा गिरगावातल्या एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आयसीयू सांभाळत होते. तो एका बंद गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाचा संचालक झाला होता. शिकत असताना आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. आता तो ‘अगं’ आणि ‘मॅडम’ यांच्यामध्ये कुठेतरी घोटाळत बोलत होता. परळ, दादर, गिरगाव, शीव इथल्या हॉस्पिटलांतल्या आयसीयूच्या ट्रेनींसाठी एक नेटवर्क उभं करायचं, म्हणजे जुनंच पुन्हा जिवंत करायचं, आपल्या मॅडमचं स्वप्न पुरं करायचं, असं तो म्हणाला. मॅडमना स्वप्नं पडत नसत. पडली असती तरी त्यांनी ती याला सांगितली नसती.

मॅडम म्हणजे याच गिरगावच्या हॉस्पिटलात ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या. ठाकूरद्वारच्या एका वाडीत वाढलेल्या, ठेंगण्या, भुलीच्या डॉक्टर. त्या काळी आयसीयूचं शिक्षण असं वेगळं काही नव्हतंच. भूल किंवा मेडिसिन शिकणाऱ्या रेसिडेंटना चार महिने आयसीयूत टाकायचे आणि समोर जो पेशंट येईल त्याच्यावर त्यांनी शिकायचं. एकेका हॉस्पिटलात असे तीन-चारजण. वरिष्ठांना वेळ असला तर सांगणार, नसला तर नाही. मॅडमनी शेजारच्या चार हॉस्पिटलांच्या विभागप्रमुखांना फोन केले आणि शनिवारी दुपारी ज्यांना ड्यूटी नाही त्या सगळ्या पोरांना आमच्या हॉस्पिटलच्या लायब्ररीमागच्या खोलीत पाठवायला सांगितलं. कोणाची परवानगी मागितली नाही, कसला अर्ज केला नाही. त्यांनी कळवलं आणि पोरं आली.

वर्गाचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. केस सांगायची ती त्या पेशंटजवळ असलेल्या सगळ्यात कनिष्ठ डॉक्टरने. हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही. आणि जो पेशंट बरा होऊन चालत घरी गेला त्याच्याबद्दल बोलायचं नाही, कारण त्याच्याबद्दल आपण सगळीकडे बोलतोच. एकदा एक ज्येष्ठ प्राध्यापक सहज डोकावले आणि उभ्या उभ्याच स्वतःचा अनुभव सांगू लागले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, तुमचा अनुभव सोमवारी ऐकू. आज हिचा ऐकतोय.” सर गेले ते पुन्हा कधी आले नाहीत, आणि मॅडमना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

त्या वर्गाचा उपयोग काय होता हे मी एका पावसाळ्यात पाहिलं. शीवकडच्या एका रेसिडेंटने केस सांगितली. गुडघाभर पाण्यातून कामावर जाणारा तरुण मजूर, ताप आणि अंगदुखी घेऊन आलेला. डोळे लाल, थोडी कावीळ. संध्याकाळी खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि सकाळ व्हायच्या आत गेला. सांगून तो मुलगा खाली बसला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग दादरची एक मुलगी म्हणाली, असाच एक आमच्याकडेही होता. मी म्हटलं, आमच्याकडे दोन. तोपर्यंत आम्ही प्रत्येकजण हे आपल्याच वाट्याला आलेलं दुर्दैव समजत होतो. मॅडमनी प्रत्येकाला एकच विचारलं, श्वासाची नळी कधी घातलीत? उत्तरं ऐकता ऐकता आमचं आम्हालाच दिसायला लागलं. जे थोडे जगले होते त्यांना दम लागून घाबरेघुबरे व्हायच्या आधीच व्हेंटिलेटरवर घेतलं होतं. त्या शनिवारनंतर सगळ्याच हॉस्पिटलांत आम्ही वाट बघत बसणं सोडलं. सगळे वाचले असं नाही, पण काहीजण माझ्या डोळ्यांसमोर वाचले.

आता जो संचालक आहे तोही त्या दिवशी खोलीत होता. खिडकीजवळ बसला होता.

वर्ग मॅडमच्या निवृत्तीनंतर बंद पडला. लगेच नाही. मी तो काही काळ ओढला. पण तोवर गिरणगाव बदलत होतं. धुराडी पाडून टॉवर येत होते, टॉवरांबरोबर नवी हॉस्पिटलं येत होती, आणि जुन्या ट्रस्टांनीही सूट घातलेले मॅनेजर नेमायला सुरुवात केली होती. आपली पोरं दर शनिवारी दुसऱ्याच्या हॉस्पिटलात जाऊन आपल्याकडे कोण कसं मेलं ते सांगतात, हे त्या मॅनेजरांच्या कानावर गेलं. एकेका ठिकाणाहून नोटिसा निघाल्या. पोरं यायची थांबली. एका शनिवारी खोलीत मी आणि एकच मुलगा असे दोघे होतो, आणि तोही लायब्ररीत पुस्तक परत करायला आलेला होता.

म्हणून संचालकाचा फोन आला तेव्हा माणूस कोण आहे हे पुरतं माहीत असूनही मी हो म्हटलं आणि नेटवर्कच्या समितीची सहअध्यक्ष झाले. वर्ग हवा होता. मधल्या काळात आयसीयू वाढले होते, यंत्रं वाढली होती, अतिदक्षतेचा वेगळा अभ्यासक्रम निघाला होता, परीक्षा होत्या, पदव्या होत्या. आणि पोरं पुन्हा आपापल्या भिंतीआड एकेकटी शिकत होती.

समितीच्या बैठका संचालकाच्या हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर होत. तिथला एसी इतका गार असायचा की मी शाल घेऊन जायला लागले. सहा-सातजण असायचे. सगळे विभागप्रमुख, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि एक व्हेंटिलेटर विकणाऱ्या कंपनीचा माणूस, जो आमच्यापेक्षा जास्त बोलायचा. पहिली पूर्ण बैठक नावावर गेली. नाव इंग्रजी हवं आणि त्याच्या आद्याक्षरांतून आणखी एक इंग्रजी शब्द तयार व्हायला हवा, यावर एकमत होतं. कोणता शब्द यावर नव्हतं. ज्यांनी आयुष्यात कधी कुणा पोराला जवळ बसवून शंभर शब्द सलग सांगितले नसतील, ती माणसं एका शब्दासाठी घसा कोरडा करून भांडली. दुसरी बैठक बोधचिन्हावर. एक म्हणाला फुप्फुसं असावीत, दुसऱ्याला हृदय हवं होतं, तिसऱ्याने आधाराचा हात सुचवला तर चौथा म्हणाला, हात नको, निवडणुकीसारखं वाटतं. शेवटी तिन्ही घेतली. ते चिन्ह लांबून सोललेल्या कोंबडीसारखं दिसायचं. हे मी सांगितलं नाही, कारण मग आणखी एक बैठक झाली असती.

मी दर वेळी विचारायचे, वर्ग कधी? संचालक प्रेमाने मान हलवून म्हणायचा, तो दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात काय? ओळख निर्माण करायची. कोणाची, कोणाला, हे त्याने कधी सांगितलं नाही. समितीत दोन ट्रेनी घ्या, असं मी एकदा सुचवलं. त्यावर तो म्हणाला की ट्रेनी बदलत राहतात, त्यामुळे कामात सातत्य राहत नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. शिकणाऱ्यांसाठीच्या संस्थेत शिकणारे अडचणीचे होतात, हे कोणालाच विचित्र वाटलं नाही.

व्यासपीठावरच्या माणसांबद्दलचा हा तिटकारा माझ्यात शाळेपासूनच आहे, आणि तो मी माझ्या वडिलांकडून घेतला. मी लालबागच्या चाळीत वाढले. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा शाळेत होते. बाबा गिरणीच्या साचे खात्यात, मागांवर कामाला होते. सुरुवातीला ते रोज गेटवरच्या सभेला जायचे आणि घरी येऊन कोण काय म्हणालं ते आईला सांगायचे. काही महिन्यांनी कोण काय म्हणालं हे सांगणं बंद झालं. कोण किती वेळ बोलला, तेवढंच सांगायचे. नंतर तेही थांबलं. चाळीतली अर्धी बिऱ्हाडं कोकणात गेली, त्यातली कित्येक परतलीच नाहीत. बाबांना ओळखीने ठाकूरद्वारला लग्नपत्रिकांच्या एका दुकानात काम मिळालं, संप मिटेपर्यंत म्हणून. संप मिटल्याचं आमच्या घरी कोणी कधी येऊन सांगितलं नाही. बाबा त्या दुकानातच म्हातारे झाले. पण पुढारी कोणताही असो, त्याचं भाषण टीव्हीवर लागलं की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. रागाने नव्हे. एखाद्या वासामुळे माणूस उठून जातो, तसे.

नेटवर्कच्या उद्घाटनाची पत्रिका मी घरी आणली तेव्हा बाबांनी ती चष्मा लावून पाहिली. बोटांनी कागद चाचपला, सोनेरी अक्षरांवरून नख फिरवलं, पाकिटाच्या आतलं अस्तर पाहिलं. इतकी भारी पत्रिका त्यांच्या दुकानात फक्त दोन प्रकारची माणसं छापून घ्यायची, असं ते म्हणाले. एक, ज्यांच्याकडे खूप आहे. दुसरे, ज्यांना मुलीच्या सासरचे लोक कसे आहेत हे झाकायचं असतं. मग त्यांनी विचारलं, “ह्येच्यात शिकवतत खंय?”

मी म्हटलं, “दुसऱ्या टप्प्यात.”

त्यांनी पत्रिका पाकिटात घालून मला परत दिली आणि पेपर वाचायला घेतला.

उद्घाटनाच्या आधी आठवडाभर एक मुलगी मला भेटायला गिरगावात आली. महापालिकेच्या एका हॉस्पिटलात आयसीयूची रजिस्ट्रार, म्हणजे वरिष्ठ निवासी डॉक्टर होती. शीव कोळीवाड्याची, आई दादरच्या बाजारात मासळी विकायला बसणारी, आणि आवाज असा की आमच्या आयसीयूतल्या नर्सेसनी तीनदा मागे वळून पाहिलं. समारंभात एक केस मांडायला पालिकेतर्फे तिची निवड झाली होती. केस समितीने ठरवून दिली होती, स्लाइड तपासून झाल्या होत्या. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं, की जुना वर्ग म्हणजे नेमकं काय होतं? तिच्या सरांना ते नीट सांगता आलं नव्हतं. मी सांगितलं. मॅडमचे नियम सांगितले. ताप आणि रक्ताच्या त्या केसबद्दल सांगितलं. ती ऐकत होती, मध्येमध्ये काही विचारत होती. निघताना म्हणाली, “मॅडम, मग हे जे चाललंय ते काय आहे?”

मी म्हटलं, “ते मलाही कळलेलं नाही.”

समारंभ एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये होता. खुर्च्यांवर डॉक्टर, डॉक्टरांच्या बायका, कंपनीची माणसं. ट्रेनी भिंतीला लागून उभे होते, कारण खुर्च्या संपल्या होत्या. दीप लावला. शाली दिल्या, त्यात एक मलाही मिळाली. स्टेजवर मॅडमचा फोटो ठेवला होता. त्या काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या नावावर काहीही सांगायची सोय झाली होती. संचालक भाषणात म्हणाला, मॅडम मला नेहमी सांगायच्या की हे काम तुलाच पुढे न्यायचंय. दोन वर्षांत मॅडम त्याला एकच वाक्य बोललेल्या मला आठवतात, ते म्हणजे खिडकी लाव. तो त्यांचं नाव घेऊन गहिवरला, आणि त्याचा तो गहिवर इतका सराईत होता की मला माझ्या अंगावरची शाल टोचायला लागली. समोर टाळ्या वाजल्या. कंपनीच्या माणसाने सर्वांत जोरात वाजवल्या.

मग ती मुलगी उठली. पहिली स्लाइड दाखवली. एक तरुणी, न्यूमोनिया, तीन आठवडे व्हेंटिलेटर, आता ठणठणीत. तिचा हसरा फोटोही होता. मुलगी म्हणाली, ही पेशंट बरी होऊन घरी गेली, तेव्हा हिच्याबद्दल बोलण्यासारखं फार काही नाही. मी दुसऱ्या पेशंटबद्दल सांगते, त्याच्या स्लाइड नाहीत.

तिने सांगायला सुरुवात केली. एक टॅक्सीचालक, मध्यम वयाचा. दुसऱ्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होता. तिथून त्याला पालिकेच्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं. फोन आला तो बेड आहे का, एवढंच विचारायला. रक्तदाब टिकवायला दोन औषधं चालू आहेत, हे कोणी सांगितलं नाही. ॲम्ब्युलन्स हिंदमाताच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली. औषधाच्या पंपाची बॅटरी वाटेत संपली. सोबतच्या माणसाला श्वास द्यायचा फुगा दाबायचा माहीत होता, पण बंद पडलेल्या पंपाचं काय करायचं ते माहीत नव्हतं. दारात आला तेव्हा पेशंटचा रक्तदाब लागतच नव्हता. बायको पुढच्या सीटवरून उतरली आणि तिने लिफ्ट कुठे आहे ते विचारलं. दुपारी तो गेला. हे सगळं ती मुलगी अजिबात आवाज न चढवता सांगत होती. भिंतीला टेकलेले ट्रेनी एकेक करून सरळ उभे राहिले होते.

शेवटी ती म्हणाली की यात मोठं शास्त्र काही नव्हतं. जिथून पेशंट निघाला तिथला रजिस्ट्रार आणि जिथे पोचणार होता तिथली ती स्वतः, या दोघांनी दोन मिनिटं बोलायला हवं होतं. पण दोघं एकमेकांना ओळखत नव्हती. या नेटवर्कने ती ओळख करून दिली, तर बाकी काही केलं नाही तरी चालेल.

पहिल्या रांगेतून संचालक माइक हातात घेऊन उठला. “आमच्याकडून निघाला तेव्हा तो पूर्ण स्टेबल होता,” तो म्हणाला.

मुलगी त्याच्याकडे बघत म्हणाली, “सर, मी हॉस्पिटलचं नाव घेतलं नव्हतं.”

कंपनीचा माणूस चटकन स्टेजवर गेला आणि बाहेर जेवण लागल्याचं जाहीर केलं. आणि माणसं उठून जेवायला गेली. मला सगळ्यात किळस वाटली ती या उठून जाण्याची. संचालक बोलला ते निदान घाबरून बोलला. पण शंभरावर डॉक्टरांनी ते ऐकलं, त्याचा अर्थ त्यांना कळला, आणि ते पनीरच्या काउंटरसमोर रांगेत उभे राहिले. मी रांगेतून पुढे जाताना दोघांना बोलताना ऐकलं. मुलगी आगाऊ आहे, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पालिकेतली मुलं अशीच असतात.

पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर तीच होती. यापुढे प्रत्येक केस समितीने आधी मंजूर करायची, ट्रेनीने मंजूर मजकुराबाहेर जायचं नाही, असा ठराव झाला. शिवाय तिच्या विभागप्रमुखांना एक पत्र लिहायचं ठरलं, की त्यांच्या रजिस्ट्रारचं वर्तन व्यावसायिक संकेतांना धरून नव्हतं. पत्र आधीच तयार होतं. सहअध्यक्ष म्हणून त्यावर माझी सही हवी होती. संचालकाने पेन पुढे केलं.

मी सही करणार नाही म्हटलं. टॅक्सीचालकाबद्दल आपण काही बोलणार आहोत का, असं विचारलं. यावर एकाने घड्याळ पाहिलं.

संचालक म्हणाला, “अगं, तू सही करणार नसशील तर समितीत राहून करणार काय?”

“हेच मी वर्षभर विचारतेय,” मी म्हटलं. शाल उचलली आणि बाहेर पडले. लिफ्ट खाली येईपर्यंत मला हलकं वाटत होतं. खाली रस्त्यावर आल्यावर मात्र स्वतःचाच राग आला. या माणसांसमोर मी वर्षभर शहाण्यासारखी बसून होते.

पत्र माझ्या सहीशिवाय गेलं. मुलीच्या विभागप्रमुखांनी ते वाचून टेबलाच्या खणात टाकलं. याला धैर्य वगैरे म्हणायचं कारण नाही. त्यांच्याकडे आयसीयूत माणसंच नव्हती आणि उभी राहून काम करणारी एकुलती एक रजिस्ट्रार घालवणं त्यांना परवडणार नव्हतं. तिला बोलावून त्यांनी जरा जपून राहा असं सांगितलं आणि पुढच्या महिन्याच्या जास्तीच्या ड्यूट्या लावल्या.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी ती दोन कनिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन गिरगावात आली. आमचं कँटीन दुपारच्या जेवणानंतर बंद असे, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या असत. आम्ही चार खुर्च्या उतरवल्या. तिच्या बरोबरच्या एकाने केस सांगितली. एक बाळंतीण, फिट येऊन बेशुद्ध झालेली. तो बोलताना अडखळत होता, आणि मी मध्ये पडले नाही. तो संपवेपर्यंत बाहेर ऊन उतरलं होतं. पुढच्या शनिवारी दादरहून तिघं आली. त्यानंतर परळहून. ट्रस्टच्या लोकांनी काही विचारलं नाही, कारण कँटीनमध्ये काय चालतं यात त्यांना कधीच रस नव्हता.

सगळेच काही शिकायच्या ओढीने येत नव्हते. एकाने पहिल्याच दिवशी विचारलं, याचे क्रेडिट पॉइंट मिळतात का? नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेला. काहीजण परीक्षेत काय विचारतात तेवढं ऐकायला यायचे आणि मरणाची गोष्ट सुरू झाली की मोबाइल बघायचे. अशांना ती कोळीवाड्याची मुलगी सरळ सांगायची, “तुला जायचं असेल तर जा ना रे, दार उघडंय.” मी त्यांना एवढं तोंडावर बोलले नसते. ती बोलली तर मला बरं वाटायचं.

नेटवर्कचं म्हणून जे काही झालं ते त्या पोरांनीच केलं. प्रत्येक आयसीयूच्या रजिस्ट्रारांनी एकमेकांचे मोबाइल नंबर घेतले. पेशंट हलवायचा तर निघण्याआधी तिकडच्या रजिस्ट्रारशी बोलायचं. काय चालू आहे, पंप किती आहेत, सोबत कोण आहे, तेवढं सांगायचं. वरच्या लोकांची परवानगी लागेल असं एकजण म्हणाला तर बाकीचे त्याच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की त्याने आपलाही नंबर देऊन टाकला. त्यामुळे किती जीव वाचले ते मी सांगणार नाही, कोणी मोजलेलं नाही. पण फोन येऊ लागले. आमच्याही आयसीयूत येऊ लागले. कधी फोनमुळे पेशंट निघायचाच थांबायचा, कारण निघण्याच्या स्थितीत नाही हे बोलता बोलता दोघांनाही कळायचं.

बाबांना मी हे सांगितलं. ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा. समितीवाल्यांनी काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, त्यांना माहीतच नाही. “मगे चलात,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले. कोणत्याही संघटनेबद्दल त्यांच्या तोंडून इतकं चांगलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

समितीला ते माहीत व्हायला काही महिने लागले. एके दिवशी संचालकाचा फोन आला. त्याच्या हॉस्पिटलातली दोन मुलं दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून शनिवारी गिरगावात येत होती, ते त्याला कळलं होतं. मला वाटलं धमकी देईल. त्याने घसा साफ केला, हवापाण्याचं बोलला, बाबांची चौकशी केली. मग मुद्द्यावर आला. त्याच्याकडची मुलं तोंडी परीक्षेत नापास होत होती. परीक्षकाने पेशंट समोर ठेवून तुम्ही काय कराल विचारलं की गोठून जात होती. त्यांना सगळं पाठ होतं, पण आपण चुकू शकतो हे कोणी त्यांना कधी ऐकवलं नव्हतं. त्यांना वर्गाला रीतसर पाठवलं तर चालेल का, असं त्याने विचारलं.

“पाठव,” मी म्हटलं.

“मग आपण याला नेटवर्कचं गिरगाव केंद्र म्हणू या. सगळ्यांच्याच सोयीचं होईल.”

“तुला काय म्हणायचं ते म्हण. मुलांना वेळेवर पाठव.”

त्याला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं बहुधा. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं की बोधचिन्हाचा बॅनर लावायला हरकत नाही ना. मी म्हटलं, बॅनर लावायला तू स्वतः ये, आणि आलास की एक केस सांग, टॅक्सीवाल्याचीच सांग. तो म्हणाला, बघतो, शनिवारी ओपीडी असते. तो आला नाही. बॅनर कुरिअरने आला. तो कँटीनवाल्याने गॅस सिलिंडर झाकायला घेतला आणि मी त्याला अडवलं नाही.

संचालकाकडची मुलं आली. पहिल्या दिवशी त्यातला एक उंच, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा केस सांगायला उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, हा पेशंट आमच्याकडे आला तेव्हा. कोळीवाड्याची मुलगी म्हणाली, आमच्याकडे वगैरे नको, नुसतं सांग. तो गडबडला. त्याने पुन्हा सुरुवात केली. मूत्रपिंडं निकामी झालेल्या एका म्हाताऱ्याची केस होती. रक्ताचा रिपोर्ट वेळेत आला होता, पण तो कोणी पाहावा यावरून तिघं डॉक्टर एकमेकांवर विसंबून राहिले होते. तिने त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले. तिच्या बोलण्यात दयामाया काही नव्हती. त्या हॉस्पिटलाबद्दल तिच्या मनात जे होतं ते सगळं त्या मुलावर निघणार असं मला वाटलं आणि मी तिला थांबवणार होते. पण तिचे प्रश्न बरोबर होते, आणि तो मुलगा घामाघूम होऊन का होईना, उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, रिपोर्ट मीच बघायला हवा होता, मी वाट बघत राहिलो. ती म्हणाली, मी पण बघितला नसता कदाचित. बस खाली.

ती पुढे परीक्षा पास होऊन कोकणातल्या एका जिल्हा रुग्णालयात गेली. तिथे तिच्या हाताखाली दोनच ट्रेनी आहेत. दर शनिवारी ती त्या दोघांना फोनवर आमच्या कँटीनमध्ये हजर करते. रेंज जाते, आवाज तुटतो, मग ती स्वतःच ओरडून त्यांचं वाक्य पुरं करते.

समिती अजून आहे. तिचा दुसरा टप्पा अजून यायचाय. गेल्या वार्षिक अहवालात गिरगाव केंद्राचं कौतुक छापलं होतं, सोबत फोटो होता तो कुठल्या तरी परदेशी परिषदेतला, गोऱ्या डॉक्टरांचा. संचालकाला शिक्षणक्षेत्रातल्या कार्याबद्दल पुरस्कार मिळाला, त्याचंही निमंत्रण मला आलं. समारंभ शनिवारी दुपारी होता, म्हणून मी जाऊ शकले नाही. त्या दुपारी परळची एक नवी मुलगी बोलणार होती. ती इतकी हळू बोलायची की मला पंखा बंद करायला लागला.